एका नटीला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रयोग संपल्यावर रंगपटाच्या दाराशी, महाविद्यालयांतील कार्यशाळांत आणि गावी गेल्यावर ओसरीवर बसून मला जे प्रश्न विचारले जातात, त्यांतील बरेचसे तेच ते असतात. त्यांची उत्तरे मी आजवर घाईत, निम्मा मेकअप उतरवलेल्या अवस्थेत देत आले. घाईतली उत्तरे ऐकायला बरी लागतात, पण घरी परतताना आपण अर्धेच खरे बोललो हे जाणवत राहते. म्हणून ती सवडीने लिहून काढली आहेत. मी २८ वर्षांची आहे आणि गेली सात वर्षे नाटक, मालिका आणि थोडेफार चित्रपट यांवर माझे पोट चालते. तेव्हा पुढील मजकूर आजपर्यंत माझ्या कामी आलेला आहे, एवढेच समजावे.

तुम्ही अभिनयाकडे कशा वळलात?

माझे आजोळ सिंधुदुर्गात, कुडाळ तालुक्यात आहे आणि माझे मामा दशावतार या तिकडच्या लोकनाट्याच्या कंपनीत स्त्रीपार्ट करीत असत. दशावतारात स्त्रियांच्या भूमिका परंपरेने पुरुषच करतात. त्यामुळे मला नऊवारी नेसायला आईने नव्हे, मामांनी शिकवले. निऱ्या कशा खोचल्या म्हणजे रात्रभराच्या नाचण्या-लढण्यात सुटत नाहीत, हे आईला ठाऊक असण्याचे काही कारणच नव्हते. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की मामा दिवस उजाडल्यावर घरी येत, कानामागे राहून गेलेला रंग खोबरेल तेलाने पुसत आणि दुपारपर्यंत झोपत. आम्हा मुलांना त्या वेळात अंगणात आवाज करण्याची बंदी असे.

दशावताराला लिहिलेली संहिता नसते. त्या रात्रीचे आख्यान ठरले, की कंपनीतील जाणता नट कोणी कोणते पात्र करायचे आणि कथा कोठून कोठे न्यायची एवढे सांगतो, आणि मग जो तो आपापल्या पेटाऱ्याशी बसून, लहानशा आरशात पाहून स्वतःचा रंग स्वतः लावतो. रात्री उशिरा पायपेटी, मृदंग आणि झांज सुरू होतात, आडदशावतारात, म्हणजे आख्यानाआधीच्या पूर्वरंगात, संकासुर येऊन जातो आणि त्यानंतरचे आख्यान पहाटे दहीकाल्यापर्यंत चालते. सारे संवाद जागच्या जागी सुचलेले असतात. मी सात-आठ वर्षांची असताना मामांना विचारले होते, की समोरचा काय बोलणार हे ठाऊक नसताना तुम्ही उत्तर कसे देता. ते म्हणाले, “मी आयकतंय.” त्या वेळी मला ती टाळाटाळ वाटली होती. पुढे तीन वर्षांचे नाट्यशिक्षण घेतले, तेव्हा कळले की त्यांनी मला सगळा अभ्यासक्रम एका शब्दात सांगितला होता आणि मी तो ऐकला नव्हता.

अभिनयाचे रीतसर शिक्षण घेणे आवश्यक आहे का?

आवश्यक नाही, पण उपयोगाचे निश्चित आहे. डॉ. श्रीराम लागू हे कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते आणि चाळिशी ओलांडल्यावर, १९६९ साली, ते पूर्ण वेळ अभिनयाकडे वळले, डॉ. मोहन आगाशे हे मनोविकारतज्ज्ञ आहेत. या उदाहरणांचा आधार घेऊन “शिक्षणाची गरजच काय” असे विचारणाऱ्यांना मी एवढेच सुचवते, की या दोघांनी हौशी आणि प्रायोगिक रंगभूमीवर वर्षानुवर्षे केलेले काम हेच त्यांचे शिक्षण होते, फक्त त्याचे प्रमाणपत्र नव्हते.

ज्यांना संस्थेत शिकायचे आहे त्यांच्यासाठी दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे, जे १९५९ साली सुरू झाले आणि जेथे प्रवेशासाठी पदवीबरोबर नाटकांतील आधीचा अनुभवही पाहिला जातो. पुण्यात १९६० साली प्रभात स्टुडिओच्या जागेवर उभी राहिलेली फिल्म इन्स्टिट्यूट आहे, आणि पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ पासून गुरुकुल पद्धतीने नाट्यशिक्षण देत आले आहे. मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्सही आहे. यांतील जागा मोजक्या असतात आणि प्रवेश मिळाला नाही म्हणून आपण नट नाही असे ठरत नाही.

संस्थेइतकेच, किंबहुना काही बाबतींत अधिक, शिक्षण एकांकिका स्पर्धांतून होते असे माझे मत आहे. पुण्यातील पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे आणि भरत नाट्य मंदिरात “अरे, आवाज कुणाचा” ही आरोळी ऐकत पहिली एन्ट्री घेतलेल्या नटांची नावे आज मराठीतील कोणत्याही श्रेयनामावलीत सापडतात. या स्पर्धांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. एक म्हणजे ठरलेल्या मिनिटांत नेपथ्य लावणे आणि काढणे, आणि दुसरी म्हणजे स्वतःच्या महाविद्यालयाच्या टाळ्यांवर विश्वास न ठेवणे. शासनाची राज्य नाट्य स्पर्धाही आहेच. तेथे दिवसभर कचेरीत काम करून रात्री तालमीला येणारी माणसे भेटतात आणि “मला वेळ मिळत नाही” हे वाक्य आपोआप मागे पडते.

तुमची मूळ बोली मालवणी आहे. प्रमाण मराठी बोलताना अडचण आली का?

पुष्कळ आली. शब्दांपेक्षा सुरांची अडचण जास्त होती. मालवणीत वाक्य शेवटाकडे जसे उचलले जाते तसे ते मी नकळत सर्वत्र उचलत असे, आणि पुण्यातील पहिल्या वर्षी माझी गंभीर वाक्येही प्रश्नार्थक वाटत. ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतील दोन निरनिराळे ‘च’ शिक्षकांनी जिभेची जागा दाखवून वेगळे करून दिले, तेव्हा प्रथमच लक्षात आले की आपण आयुष्यभर बोलत असलेल्या भाषेकडे कधी कान देऊन पाहिले नव्हते.

मात्र बोली पुसून टाका, असा सल्ला कोणी देत असेल तर तो घेऊ नये. गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ १९८० साली आले आणि मच्छिंद्र कांबळी यांनी मालवणी बोली मुंबईच्या व्यावसायिक रंगभूमीवर हजारो प्रयोगांत खणखणीतपणे वाजवली, हे आमच्या घरात देवाच्या गोष्टीसारखे सांगितले जाई. त्या नाटकाचा एक दुष्परिणामही झाला, तो असा की मालवणी बोलणारे पात्र म्हणजे विनोदी पात्र हे समीकरण अनेकांच्या डोक्यात बसले. मला आजही मालवणी बोलणाऱ्या मोलकरणीच्या किंवा भोळ्या नोकराच्या बायकोच्या भूमिका विचारल्या जातात. या बोलीत माझ्या आजीने तीन मृत्यू सोसले आणि एक जमिनीचा खटला चालवला. तिच्यावर कोणी नाटक लिहिले तर मी उद्या तालमीला येईन.

पाठांतर कसे करता?

माझी वाक्ये पाठ करण्याआधी मी समोरच्याची वाक्ये पाठ करते. माझे वाक्य हे बहुतेक वेळा कशाचे तरी उत्तर असते, आणि प्रश्न डोक्यात नसताना पाठ केलेले उत्तर प्रयोगात कानाला तसेच पाठ केलेले लागते. त्यानंतर माझा भाग हाताने वहीत लिहून काढते आणि भाजी चिरताना किंवा लोकलमध्ये उभी असताना तो मनातल्या मनात म्हणते, पण अगदी सपाट, रेल्वेच्या वेळापत्रकासारखा. सुरुवातीपासून भावासकट पाठ केले की वाक्याला चाल लागते, आणि एकदा लागलेली चाल दिग्दर्शकाने कितीही सांगितले तरी सुटत नाही. हे मी दोन नाटके बिघडवून शिकले आहे.

भूमिका कशी उभी करता? तुमची काही विशिष्ट पद्धत आहे का?

अभिनयाची पद्धत मांडणाऱ्या रशियन दिग्दर्शक स्टानिस्लाव्हस्कीचे नाव घेऊन हा प्रश्न विचारला जातो, तेव्हा अपेक्षा असते की मी भूमिकेत महिनाभर कशी हरवून गेले हे सांगावे. मी हरवत नाही. हरवलेल्या माणसाला आपली खूण कोठे आहे, प्रकाश कोठे पडतो आणि सहकलाकाराने कोणत्या शब्दावर श्वास घेतला हे कळणार नाही, आणि ते न कळणाऱ्या नटीबरोबर काम करणे इतरांना त्रासाचे होते.

मी काय करते ते एका उदाहरणावरून सांगते. २५ व्या वर्षी मला ६५ वर्षांच्या एका विधवेची भूमिका मिळाली. पहिले आठ दिवस मी तालमीत पाठ वाकवून आणि आवाज कापरा करून काम केले आणि मला स्वतःला ते फार छान वाटत होते. दिग्दर्शक काहीच बोलत नव्हते. नवव्या दिवशी ते म्हणाले, “तू म्हातारी दाखवतेस. त्या बाईला म्हातारं व्हायचंच नाहीये. तिला सव्वापाचची एसटी पकडायची आहे.”

मग मी चार दिवस एसटी स्थानकात जाऊन बसले. तेथे दिसले ते असे, की वय झालेली बाई उठण्याआधी हिशेब करते. आधी नजर जमिनीवर जाते, मग हात आधार शोधतो, मग पिशवी दुसऱ्या हातात जाते, आणि एवढे झाल्यावर ती जी उठते ती एकदाच आणि शक्य तितक्या झपाट्याने, कारण ही तयारी कोणाला दिसू नये अशी तिची इच्छा असते. पायऱ्या चढताना ती थांबते, पण दम लागला म्हणून थांबले असे कधीच दाखवत नाही. पदर सारखा करते, पिशवीतले काहीतरी चाचपते, मागे वळून उगाच कोणाला तरी हाक मारते. वय दिसते ते या लपवण्यात. मी वाकणे सोडून दिले, हातात भरलेली खरी पिशवी मागून घेतली (रिकामी पिशवी जड असल्याचा अभिनय करणे हा वेळेचा निव्वळ अपव्यय आहे), आणि तो ‘हिशेब’ एवढाच ठेवला. आवाजाला हातही लावला नाही. पहिल्या प्रयोगानंतर एका आजींनी मला विचारले, की तुमच्या गुडघ्यांना काय झाले आहे. आजवर मिळालेल्या कोणत्याही परीक्षणापेक्षा मला तो प्रश्न अधिक प्रिय आहे.

तेव्हा पद्धत म्हणावी तर ती एवढीच, की पात्राला काय वाटते हे मी सर्वांत शेवटी पाहते. त्याला काय हवे आहे, ते मिळवण्याच्या आड काय येते आणि ते काय लपवते आहे, या तीन गोष्टी ठरल्या की वाटण्याचे काम बरेचसे आपोआप होते. ज्या प्रसंगात तसे होत नाही, तेथे बहुधा लेखनातच काही राहिलेले असते. अशा वेळी दिग्दर्शकाशी एकांतात बोलावे. लेखक तालमीला बसलेले असताना सर्वांसमोर बोलू नये. हे सूत्र कोणत्याही अभिनयशास्त्रात नाही, पण उपयोगी आहे.

रडण्याच्या प्रसंगात खरे अश्रू येतात का?

कधी येतात, कधी येत नाहीत, आणि आले तर ते चांगलेच असे नाही. नाट्यशास्त्राने अभिनयाचे आंगिक (शरीराचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेशभूषेचा) आणि सात्त्विक (आतून उमटणाऱ्या भावांचा) असे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांतील सात्त्विक भावांच्या यादीत अश्रू आहेत, तसेच घाम, रोमांच, कंप आणि स्वर तुटणेही आहे, म्हणजे डोळ्यांतील पाणी हे आठांपैकी केवळ एक आहे. आपल्याकडे मात्र त्यालाच सगळे गुण दिले जातात.

वर सांगितलेल्या नाटकाच्या तिसऱ्या प्रयोगात पहिल्या अंकाच्या शेवटी मला खरोखर रडू कोसळले. मी आनंदात विंगेत आले. पण त्या रडण्यात नाक चोंदून माझी शेवटची दोन वाक्ये अस्पष्ट गेली होती आणि त्यांतील दुसऱ्या वाक्यात ज्या माणसाचे नाव होते, तोच दुसऱ्या अंकात दार वाजवून आत येतो. तो आला तेव्हा प्रेक्षागृहात कुजबुज सुरू झाली, कारण हा कोण हे निम्म्या लोकांना कळलेच नव्हते. तेव्हापासून मी त्या वाक्यापर्यंत रडू थोपवून धरते, आणि लक्षात आले आहे की थोपवलेले रडू आठव्या रांगेतून अधिक स्पष्ट दिसते. कॅमेऱ्यासमोर मात्र दिवसाच्या अकराव्या तासाला, सहाव्या टेकला अश्रू हवे असतील तर मी ग्लिसरीन मागते आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही.

नाटक, मालिका आणि चित्रपट यांत अभिनयाचा काय फरक पडतो?

नाटकात तालीम असते आणि मालिकेत ती जवळजवळ नसते, हा खरा फरक आहे. बाकीचे त्यातून निघते. दैनंदिन मालिकेत प्रसंग पुष्कळदा त्याच दिवशी हातात पडतो, आपण कोपऱ्यात दोनदा वाचतो, मग मास्टर, म्हणजे सगळ्या प्रसंगाचे एकत्र चित्रण, होतो, मग एकेकाचे क्लोजअप आणि सजेशन (दुसऱ्याच्या खांद्यावरून घेतलेले शॉट) घेतले जातात. आपल्या क्लोजअपच्या वेळी समोरचा कलाकार दुसऱ्या सेटवर निघून गेलेला असला, तर त्याची वाक्ये सहायक दिग्दर्शक वाचतात आणि आपण त्यांच्या मागच्या पडद्यावरील एका डागाकडे पाहून प्रेमाची कबुली देतो. ऐकण्यावर माझा एवढा भर असताना मी हे कसे करते, असे एका विद्यार्थिनीने विचारले होते. प्रामाणिक उत्तर असे, की मास्टरच्या वेळी मी जे ऐकलेले असते ते साठवून ठेवते आणि पुढे त्यावर गुजराण करते. मास्टरच्या वेळीच कोणी अर्धवट बोलून वेळ मारून नेली, तर त्या प्रसंगापुरती मी उपाशी राहते.

मालिकेला तुच्छ लेखणाऱ्या नाट्यवेड्यांशी मी सहमत नाही. तिने मला वेग दिला, कंटिन्युटीचे भान दिले (मागच्या मंगळवारी पदर कोणत्या खांद्यावर होता, हे लक्षात ठेवणे हीही स्मरणशक्तीचीच परीक्षा आहे) आणि घरभाडे दिले. तिने एक वाईट सवयही दिली. प्रत्येक वाक्यानंतर चेहरा क्षणभर गोठवून ठेवायची ही सवय इतकी मुरली, की नाटकात परतल्यावर पहिले दोन आठवडे दिग्दर्शक मला “कॅमेरा बंद झाला, पुढे बोल” असे ओरडून सांगत.

चित्रपटांचा माझा अनुभव लहान भूमिकांपुरता असल्याने त्यावर मी फारसे बोलत नाही.

एकाच नाटकाचे शेकडो प्रयोग करताना कंटाळा येत नाही का?

प्रशांत दामले यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये कारकिर्दीतील १२,५०० वा प्रयोग केला. त्या मोजमापात माझे प्रयोग अजून बालवाडीत आहेत, त्यामुळे कंटाळ्याविषयी बोलण्याचा हक्क मला मिळायचा आहे.

मात्र कंटाळ्यापेक्षा मोठा धोका हशाचा असतो. एखाद्या वाक्याला दहाव्या प्रयोगात मोठा हशा मिळाला, की अकराव्यात आपण ते वाक्य त्या हशासाठी बोलतो, बाराव्यात त्याच्या आधी हलकेच थांबतो आणि पंधराव्यापर्यंत हशा गेलेला असतो. मग आपण प्रेक्षकांना दोष देतो. अशा वेळी मी त्या वाक्याच्या आधीचे समोरच्याचे वाक्य पुन्हा नीट ऐकू लागते. तीन-चार प्रयोगांत हशा परत येतो. नाही आला, तर निदान प्रसंग तरी परत येतो.

प्रयोगात वाक्य विसरले किंवा काही अघटित घडले तर?

पावसाळी दिवसांत कोकणातील एका नाट्यगृहात दुसऱ्या अंकाच्या मध्यावर वीज गेली आणि जनित्र सुरू व्हायला चारेक मिनिटे लागली. मिट्ट काळोखात आम्ही दोघी रंगमंचावर होतो. नाटकातील घर जुन्या वाड्यातले होते, मी म्हटले, “आई, कंदील कुठे ठेवलात?” आणि त्यावर माझ्या ज्येष्ठ सहकलाकार शांतपणे म्हणाल्या, “तुझ्या लग्नात हरवला तो.” त्यानंतरची चार मिनिटे आम्ही त्या हरवलेल्या कंदिलावर, लग्नातील उसनवारीवर आणि परत न आलेल्या भांड्यांवर बोललो. प्रेक्षकांतील अनेकांना तो प्रसंग मूळचाच वाटला. माझ्या आयुष्यात दशावतार शहरातल्या रंगमंचावर उतरला तो तेवढ्या वेळापुरता.

वाक्य विसरले तर मी समोरच्याकडे पाहते. विसरलेली नटी हमखास आपल्या डोक्यात शोधू लागते, तिची नजर वर जाते, आणि मग सर्वांनाच कळते.

भूमिका निवडताना काय पाहता? लहान भूमिका करता का?

करते. भूमिका काढून टाकली तर गोष्ट तशीच राहील का, हे मी पाहते. तशीच राहणार असेल तर भूमिका कितीही लांब असली तरी ती सजावट आहे, आणि गोष्ट अडणार असेल तर दोन प्रसंगही पुरेत. अर्थात हे झाले बरे दिवस असतानाचे तत्त्व. घरभाडे थकलेले असताना मी सजावटही केली आहे, आणि ती करताना कुरकुर केली नाही, कारण ती निवड माझीच होती.

प्रसिद्धी मिळाल्यावर पाय जमिनीवर कसे ठेवता?

या प्रश्नाचे उत्तर देणे अवघड आहे, कारण “मी अगदी साधी आहे” असे सांगणाऱ्या माणसावर मी स्वतः विश्वास ठेवत नाही. म्हणून पाय सुटले होते तेव्हाचा प्रसंग सांगते.

एका मालिकेत मी कारस्थानी जाऊबाई करीत होते आणि ती भूमिका बरीच गाजली. बाजारात मासे विकणाऱ्या एका मावशींनी “त्या गरीब पोरीचा छळ बंद कर आधी” असे मला बजावले आणि मगच बांगड्यांचा वाटा दिला, तोही नेहमीच्याच भावाने. याच काळात माझे नाटकही चालू होते. एका तालुक्याच्या गावी प्रयोग होता. दुसऱ्या अंकात मी धाकट्या दिराच्या अपघाताची बातमी घेऊन घरात शिरते, अशी एन्ट्री होती. मी आले आणि मालिकेतील चेहरा ओळखून प्रेक्षागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. मी थांबले. टाळ्या पूर्ण होऊ दिल्या. नंतर मला सांगण्यात आले की मी किंचित हसलेही होते. समोर सासूच्या भूमिकेत असलेल्या ज्येष्ठ अभिनेत्री हातातील तांदूळ पाखडायचे सूप तसेच धरून उभ्या होत्या, आणि मी जेव्हा अपघाताचे सांगितले तेव्हा ते कोणालाच खरे वाटले नाही.

परतीच्या बसमध्ये त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या, शेंगदाण्यांची पुडी पुढे केली आणि म्हणाल्या, “बातमी घेऊन आली होतीस, की बक्षीस घ्यायला?” एवढेच. त्यानंतर त्या झोपी गेल्या. मी सकाळपर्यंत जागी होते.

पुढच्या गावी पुन्हा टाळ्या झाल्या. या वेळी मी त्या चालू असतानाच बोलायला सुरुवात केली. माझे पहिले वाक्य आवाजात बुडून गेले. बाईंनी सूप खाली ठेवले आणि विचारले, “काय? काय म्हणालीस?” नाटकात हे वाक्य नाही. मी बातमी पुन्हा सांगितली आणि प्रेक्षागृह एकदम गार झाले. संहितेत नसलेला तो प्रश्न आम्ही नंतर कायम ठेवला.

त्यामुळे पाय जमिनीवर असणे हा माझ्या लेखी स्वभावाचा गुण नाही. तो आवाज किंवा उच्चार यांसारखा कामाचा भाग आहे. ज्या क्षणी मी स्वतःचा विचार करते, त्या क्षणी समोरचा मला ऐकू येत नाही, आणि तेवढ्यापुरता प्रयोग बिघडतो. डॉ. लागू यांनी आपल्या आत्मचरित्राला ‘लमाण’ असे नाव दिले. लमाण म्हणजे इकडचा माल तिकडे नेऊन पोचवणारा. लेखकाकडून घ्यायचे आणि प्रेक्षकाला द्यायचे; वाटेत आपल्या पाठीवर आहे म्हणून तो माल आपला होत नाही. माझ्या मामांना हे नाव सांगितले तेव्हा त्यांनी पेटाऱ्याचे वजन किती असे, तो खांद्यावर घेऊन घाटी कशी चढावी लागे आणि पावसाचा शिंतोडा आला तर आधी काय झाकायचे, याचे अर्धा तास वर्णन केले. रूपक त्यांना रुचले नसावे. त्यांनी ते प्रत्यक्ष वाहिले होते.

समाजमाध्यमांवरील टीकेला कशा सामोऱ्या जाता?

फार वाचत नाही. मात्र हल्ली काही ठिकाणी ऑडिशनच्या आधी अनुयायांची संख्या विचारली जाते, हे खरे आहे. माझी संख्या मी खरी सांगते आणि त्या कामाची वाट पाहत बसत नाही.

या व्यवसायात पोट भरते का?

भरते, पण अनियमितपणे. नाटकात प्रत्येक प्रयोगाचे मानधन, म्हणजे ‘नाईट’, ठरलेले असते. प्रयोग नाही तर पैसे नाहीत, आणि परीक्षांच्या दिवसांत किंवा मुसळधार पावसात प्रयोग कमी होतात. मालिकेत रोजाप्रमाणे हिशेब होतो, पण रक्कम हाती येते ती साधारण ९० दिवसांनी आणि १० टक्के करकपात होऊन. म्हणजे पहिले तीन महिने आपण रोज बारा तास काम करतो, चेहरा घरोघरी पोचतो आणि खिशात रिक्षाचे पैसेही नसतात. ओळखीच्या चेहऱ्याने उसने मागणे अधिक जड जाते. म्हणून नव्याने येणाऱ्यांना मी सांगते, की सहा महिन्यांचा खर्च गाठीशी असल्याशिवाय मुंबईत येऊ नये. डबिंग, अनुवाद, शिकवणी असे एखादे दुसरे काम हाताशी ठेवावे. आणि करारावर सही करण्याआधी तो जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावा. ऑडिशनसाठी, नोंदणीसाठी किंवा ‘पोर्टफोलिओ करून देतो’ म्हणून कोणी पैसे मागत असेल तर तेथून निघून यावे. काम देणारा पैसे देतो, मागत नाही.

आमच्या मुलीला अभिनयाची आवड आहे. तिला काय सल्ला द्याल?

तिला नाटके पाहायला न्या, आणि शक्य असल्यास एकच नाटक दोनदा दाखवा. दुसऱ्या वेळी बोलणाऱ्या नटाकडे न पाहता ऐकणाऱ्या नटाकडे पाहायला सांगा. ती कंटाळली तर विषय तेथेच सोडा, न कंटाळली तर जवळच्या हौशी संस्थेत पाठवा. तेथे पहिले वर्ष बहुधा खुर्च्या हलवण्यात आणि चहा आणण्यात जाईल; तक्रार घेऊन जाऊ नका.

प्रयोगानंतर रंगपटात भेटायला आलेले चालते का?

अवश्य यावे. मात्र दौऱ्यावर असताना पडदा पडल्यापासून साधारण अर्ध्या तासात नेपथ्य टेम्पोत चढलेले असते आणि बस सुटायची असते, त्यामुळे मी बोलता बोलता पिना काढीत असेन किंवा साडीच्या घड्या घालीत असेन. ती आपल्याविषयीची अनास्था समजू नये. नऊवारीची घडी दोघांनी धरली तर लवकर होते. कोणी दुसरे टोक धरायला तयार असेल, तर गप्पांना पाच मिनिटे जास्त मिळतात.